ओल्या कचऱ्याचा गॅस : टाकी घेण्याआधी आठ दिवस वजन करा

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि आपल्या वस्त्यांतल्या पुष्कळ घरांत गॅसची शेगडी आली. तरीही संध्याकाळी वस्तीतून फेरी मारा, चुलीचा धूर दिसतोच. कारण उघड आहे. जोडणी एकदाच मिळते, सिलिंडर मात्र पुन्हा पुन्हा भरून आणावा लागतो. हातावर पोट असलेल्या घरात महिनाअखेरीस सिलिंडर संपला की तो लगेच येत नाही. मग भाजी-भाकरी गॅसवर आणि आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी होते. काही घरांत गॅस फक्त पाहुणा आला म्हणजे पेटतो.

त्या चुलीत जाते काय, तेही पाहा. सुके लाकूड विकत घ्यावे लागते. म्हणून फळकुटे, पुठ्ठा, प्लायवूडचे तुकडे, रंग दिलेल्या चौकटी, आणि पेटवणीला प्लास्टिकची पिशवी किंवा टायरचा तुकडा. लाकडाचा धूर वाईटच, पण प्लास्टिक आणि रबराचा त्याहून वाईट. लहान मुलांना न्यूमोनिया, बायांना जुनाट खोकला आणि दम, उतारवयात मोतीबिंदू, शिवाय हृदयविकार आणि फुफ्फुसाचा कर्करोग, ही सगळी दुखणी घरातल्या धुराशी जोडलेली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या अशा धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसे मरण पावली. त्यांत पाच वर्षांखालची मुले दोन लाखांहून जास्त. जी बाई बिडीला कधी शिवली नाही, तिची छाती बिडी ओढणाऱ्यासारखी वाजते, ती या धुरामुळे.

म्हणून पुष्कळ घरांतून एक प्रश्न येतो. उरलेसुरले अन्न आणि भाजीची देठे टाकून घरीच गॅस होतो म्हणतात, ते खरे का? आणि आपल्याला जमेल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर, खरे आहे. दुसऱ्याचे उत्तर वजनकाट्यावर अवलंबून आहे.

गोबरगॅस आपल्या दारी का आला नाही

ही विद्या नवी नाही आणि परदेशातूनच यायला हवी होती असेही नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस तयार करून वापरला गेला. समाजाने गावाबाहेर टाकलेल्या माणसांच्या वसाहतीत हे काम झाले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे १९५० च्या सुमारास जशभाई पटेल यांनी वर-खाली होणाऱ्या लोखंडी टोपाचे संयंत्र बनवले. १९६० च्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने तो नमुना देशभर नेला. खेड्यापाड्यांत गोबरगॅस म्हणून जो माहीत आहे, तो हाच.

पण त्याला लागत होते काय? घरची चार-पाच जनावरे, दररोज चाळीस-पन्नास किलो शेण, खड्डा खणायला स्वतःची जागा आणि भरपूर पाणी. ज्याच्याकडे जमीन नाही, गोठा नाही, आणि गावकुसाबाहेर दोन खणांचे घर आहे, त्याच्यासाठी ती योजना नव्हतीच. गोबरगॅस पाटलाच्या वाड्यामागे आला, आपल्या वस्तीत आला नाही. यात आपल्या लोकांच्या आळसाचा किंवा अडाणीपणाचा काही संबंध नव्हता. शेण ज्याचे, त्याचा गॅस.

हे कोडे सोडवण्याचे मोठे काम पुण्यात झाले. आरती या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी (इरावतीबाई कर्वे यांचे हे चिरंजीव) शेणाऐवजी पिष्टमय आणि गोड पदार्थ टाकून पाहिले. सांडलेले पीठ, खराब झालेले धान्य, उरलेला भात, पिकून गळलेली फळे, अखाद्य बियांची पेंड. शेण म्हणजे जनावराने पोषण काढून घेतल्यानंतर उरलेला चोथा. त्यापासून गॅस निघायला महिना-दीड महिना लागतो. पिठातले पोषण अजून जागेवर असते, म्हणून त्याचा बराचसा गॅस एक-दोन दिवसांत मिळतो. माल कमी लागतो, दिवस कमी लागतात, म्हणून टाकीही लहान पुरते. प्लास्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्या, एकीत दुसरी उलटी बसवलेली, एवढ्यावर हे संयंत्र उभे राहते. या कामासाठी आरतीला २००६ साली ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ नावाची पद्धत बसवली, पण ती टनांच्या हिशेबाने कचरा खाणारी आहे. ती नगरपालिकेचे काम, आपले नव्हे.

टाकीत घडते काय

टाकी म्हणजे एक पोट समजा. गाईच्या पोटात जे जंतू चारा पचवतात, त्यांच्याच जातीचे जंतू टाकीत काम करतात. पहिली टोळी अन्न फोडून त्याचे आंबट पाणी करते. दुसरी टोळी ते आंबट पाणी खाऊन मिथेन वायू सोडते. जळतो तो हा मिथेन. टाकीतल्या गॅसमध्ये साधारण साठ टक्के मिथेन असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि अगदी थोडा हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो या शेवटच्याचा.

दोन टोळ्यांची ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी, कारण टाकी बिघडण्याची बहुतेक कारणे तिच्यात आहेत. पहिली टोळी दणकट आणि भराभर काम करणारी. दुसरी नाजूक आणि सावकाश. तिला हवा चालत नाही, थंडी सोसत नाही, आंबटपणा वाढला की ती मरू लागते. पस्तीस अंशांच्या आसपास ती खुशीत असते. म्हणून उन्हाळ्यात गॅस चांगला येतो आणि विदर्भ-खानदेशच्या डिसेंबर-जानेवारीत निम्म्यावर येतो.

हाच मिथेन कचऱ्याच्या डेपोतही तयार होतो. मुंबईचे देवनार १९२७ पासून शहराचा कचरा पोटात घेते आहे. तिथल्या डोंगराला जानेवारी २०१६ च्या अखेरीस आग लागली, ती कित्येक दिवस धुमसत राहिली आणि गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांनी तो धूर प्यायला. ओला कचरा कोंडून पडला की गॅस होणारच. तो टाकीत धरला तर चहा होतो, डेपोत सोडला तर तिथे राहणाऱ्या माणसांच्या छातीत जातो. आणि डेपोशेजारी कोण राहते, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको.

आता हिशेब

इथे विक्रेते गोड बोलतात, म्हणून आकडे स्वतः मांडावेत.

एका घराला चौदा किलो दोनशे ग्रॅमचा सिलिंडर महिनाभर पुरतो असे धरले, तर दिवसाला पावणेपाचशे ग्रॅम गॅस झाला. एक हजार लिटर बायोगॅसमध्ये साधारण साडेचारशे ग्रॅम सिलिंडरच्या गॅसएवढी उष्णता असते. म्हणजे सगळा स्वयंपाक बायोगॅसवर करायचा तर रोज हजार लिटर हवा.

आता कचऱ्याकडून किती मिळतो? कोरड्या वजनाच्या एक किलो पिठापासून चार-पाचशे लिटर गॅस निघतो. पण आपल्या घरात कोरडे पीठ कोण फेकते? शिजलेल्या भातात सत्तर टक्के पाणीच असते, म्हणून किलोभर शिळ्या भाताचे शंभर-सव्वाशे लिटर. भाजीच्या देठा-सालींत नव्वद टक्के पाणी, म्हणून किलोला चाळीस-पन्नास लिटर. पाच माणसांच्या आपल्या घरात रोज अर्धा ते पाऊण किलो ओला कचरा निघतो, आणि त्यात सालीच जास्त, कारण आपल्याकडे भात-भाकर फारशी उरत नाही. उरली तरी सकाळी फोडणी घालून संपते. तेव्हा एका घराच्या कचऱ्याचा गॅस रोजचा चाळीस-साठ लिटर. एक लिटर पाणी उकळायला तीस-पस्तीस लिटर गॅस लागतो. सकाळचा चहा झाला, की संपला.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. वस्तीतल्या एकट्या घराने कर्ज काढून ही टाकी घेऊ नये. सिलिंडर बंद होईल असे कोणी सांगत असेल तर त्याला आपल्या घरातल्या कचऱ्याचे वजन विचारा.

मग टाकी कुणाला परवडते? जिथे खरकटे रोज एका जागी पडते आणि स्वयंपाकही तिथेच होतो, तिला. बचत गटाची खानावळ, विद्यार्थ्यांचे वसतिगृह, बालवाडीचे स्वयंपाकघर, लग्नाचे जेवण बनवून देणाऱ्या बायांचा गट. ऐंशी मुलांच्या वसतिगृहात दर ताटामागे ऐंशी ग्रॅम उरले, तरी साडेसहा किलो होतात, आणि त्यात भात-पोळी भरपूर असते. सहा-सातशे लिटर गॅस, म्हणजे एक शेगडी दीड तास. घरगुती शेगडीला तासाला चारशे ते साडेचारशे लिटर लागतात, हा आकडा पाठ असू द्या.

दुसरी जागा म्हणजे बुद्धविहार. विहाराभोवतालच्या दहा-बारा घरांनी आपला ओला कचरा एकत्र केला, कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडचा सडका टोमॅटो आणि पिठाच्या गिरणीतले झाडून काढलेले पीठ मिळवले, तर रोज सहा-सात किलो जमतात. पण एक गोष्ट आधी ठरवा. हा गॅस नळीने दहा घरांत नेता येत नाही. त्याला दाब नसतो, आणि गल्लीतून उघड्या नळ्या नेणे धोक्याचे आहे. शेगडी एकच, टाकीजवळ. तिच्यावर बालवाडीची खिचडी करायची, बाळंतिणीला गरम पाणी द्यायचे, की बचत गटाने शेंगदाणे भाजायचे, ते बैठकीत ठरवावे. हे आधी न ठरवता टाकी बसवली तर तिसऱ्या महिन्यात भांडण आणि सहाव्या महिन्यात टाकीत पिण्याचे पाणी!

त्यासाठी आठ दिवसांचे वजन. एक झाकणाची बादली, एक ताणकाटा आणि एक वही. प्रत्येक घराचे रोजचे वजन लिहायचे, भात-पीठ किती आणि साली किती ते वेगळे. आठवड्याची सरासरी रोज पाच किलोंच्या खाली आली, तर टाकीचा विचार सोडा आणि त्याच कचऱ्याचे बादलीत खत करा. तेही चांगले काम आहे.

बसवताना

हजार लिटरची खालची टाकी आणि तिच्यात उलटी बसणारी साडेसातशे लिटरची वरची टाकी, हे नेहमीचे माप. जागा साधारण दोन चौरस मीटर आणि वर अडीच मीटर उंची मोकळी. ऊन पडेल अशी जागा घ्यावी. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो वजन होते. पत्र्यावर, पोटमाळ्यावर किंवा वस्तीतल्या चार इंची भिंतींवरच्या स्लॅबवर ही टाकी कधीही ठेवू नये. जमीन, आणि तीही ठोकून सपाट केलेली.

सुरुवातीला शेण लागते, एकदाच. दूधवाल्याच्या गोठ्यातून ताजे शेण आणून पाण्यात कालवून पातळ काला करायचा, खडा-काडी काढायची आणि टाकी भरायची. पहिले आठ-पंधरा दिवस वरची टाकी उचलली जाते, पण तो गॅस जळत नाही. त्यात हवा आणि कार्बन डायऑक्साइड असतो. तो मोकळ्या हवेत सोडून द्यावा आणि तिथे काडी ओढू नये. हवेत मिसळलेला मिथेन ठराविक प्रमाणात भडकतो. गॅस पेटतो का ते पाहायचे तर ते टाकीच्या तोंडाशी कधीच नव्हे, नळीच्या दुसऱ्या टोकाला शेगडीवरच.

निळी ज्योत दिसू लागली की रोज दोन मुठी पीठ पाण्यात कालवून सुरू करा. आठवड्याला थोडे थोडे वाढवत महिन्या-दीड महिन्याने पाच-सहा किलो ओल्या कचऱ्यापर्यंत जा. हजार लिटरच्या टाकीला त्याहून जास्त नको. कचरा बारीक चिरलेला किंवा कुटलेला हवा, त्यात दुप्पट पाणी. पाण्याची टंचाई असेल तर नवे पाणी लागत नाही. टाकीतून बाहेर पडणारे पातळ पाणीच पुन्हा कालवायला घ्यावे, त्यात जंतूही असतात. तांदूळ धुतलेले पाणी आणि पेज तर सोन्यासारखी.

टाकीत काय टाकू नये, ते विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. हाडे, अंड्याची टरफले, नारळाच्या शेंड्या, शेवग्याच्या चोखलेल्या शेंगा पचत नाहीत, तळाशी साचतात. लिंबू-मोसंबीच्या साली आणि कांद्या-लसणाची टरफले थोडीही नकोत. फिनेल, साबणाचे पाणी आणि उरलेल्या औषधगोळ्या म्हणजे जंतूंना विषच. भांडी घासलेले पाणी त्यात ओतणारा एक तरी माणूस निघतो, त्याच्यावर लक्ष ठेवा.

सगळ्यांत मोठा धोका आपल्या सणांचा आहे. चौदा एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला, धम्मचक्र प्रवर्तनदिनी विहारात भोजनदान होते, आणि रात्री चाळीस किलो भात-भाजी उरते. ती सगळी एकदम टाकीत गेली की पहिली टोळी दिवसभरात तिचे आंबट पाणी करते आणि दुसरी टोळी त्यात बुडून मरते. ज्योत आधी पिवळी होते, मग लागतच नाही, टाकीला आंबट वास सुटतो. असे दिसले तर खाद्य पूर्ण बंद करावे, चुन्याची निवळी थोडी थोडी घालावी आणि आठ-दहा दिवस वाट पाहावी. त्याहून बरे म्हणजे सणाचे उरलेले चांगले अन्न त्याच रात्री झाकून, वाटून संपवावे. नासलेला भात उन्हात वाळवून ठेवावा आणि रोज थोडा थोडा टाकीला द्यावा. वाळवलेला भात महिनाभर पुरतो.

खरकट्याला हात कोणी लावायचा

उष्ट्या-खरकट्याचा विषय आपल्या समाजात साधा नाही. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे सोडण्यास सांगितले. आपल्या आज्या-पणज्यांनी ते सोडले आणि त्यासाठी उपास काढले. घाणीचे काम आणि घाणीचे अन्न या दोन्हींतून बाहेर पडण्यासाठी ज्या समाजाने एवढे सोसले, त्याला कोणी ‘कचऱ्यातून समृद्धी’ म्हणून शिकवू लागले तर संशय येणे योग्यच आहे.

म्हणून काम कोणाकडे, हे मी यंत्रापेक्षा महत्त्वाचे मानतो. प्रत्येक घराने आपला कचरा आपण चिरून, हाडे-प्लास्टिक काढून, आपल्या हाताने टाकीपर्यंत आणावा. टाकी भरण्याची पाळी घरवार, आणि पुरुषांची पाळी बायांइतकीच. एखाद्या समितीची पहिली सूचना ‘या कामाला एखादी बाई लावू’ अशी असेल, तर त्या वस्तीत टाकी बसवूच नये. वस्तीतली कचरा वेचणारी भगिनी या कामात येणार असेल तर महिन्याचा ठरलेला पगार, लांब दांड्याचे घमेले, हातमोजे आणि हिशेबाच्या वहीत तिचे नाव, या गोष्टी पहिल्या दिवसापासून हव्यात.

आणि टाकीत कोणीही उतरायचे नाही. लहान टाकीत माणूस मावत नाही, पण वसतिगृहाची किंवा खानावळीची मोठी, जमिनीत बांधलेली टाकी असते, तिथे हा प्रसंग येतो. पाइप तुंबला, गाळ साचला, ‘जरा उतरून बघ’ असे कोणी म्हणते. त्या टाकीत हवा नसते. हायड्रोजन सल्फाइड जास्त असेल तर वासही येत नाही, कारण नाकच बधिर होते. दोन श्वासांत माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. मैल्याच्या टाक्यांत आपले किती तरुण असेच गेले. २०१३ च्या कायद्याने गटारात आणि मैल्याच्या टाकीत संरक्षणाशिवाय माणूस उतरवणे गुन्हा ठरवले आहे आणि अशा मृत्यूला तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. पण भरपाई घराला मिळते, गेलेला माणूस मिळत नाही. गाळ काढायचा तर बाहेरून, पंपाने. आत कोणी पडलेच तर मागोमाग उडी न घेता १०१ वर फोन करावा.

शेगडीची काळजी वेगळी. सिलिंडरची शेगडी बायोगॅसला चालत नाही, तिचे भोक लहान असते. ते घरी खिळ्याने मोठे करत बसू नका, बायोगॅसचीच शेगडी घ्या. नळीत पाणी साठते, ते काढायला सर्वांत खालच्या जागी कॉक हवा. आठवड्याला साबणाचा फेस लावून सांधे तपासा, बुडबुडा आला की गळती. गॅस फुग्यात किंवा सिलिंडरमध्ये भरून घरी नेण्याचा उद्योग कोणी करू नये. खिडकी उघडी ठेवावी. बायोगॅसला चुलीसारखा धूर नसला तरी कोंडलेल्या खोलीत कोणतीही ज्योत हवा खाते.

डास आणि स्लरी

दोन टाक्यांच्या मधल्या फटीत पाणी दिसते, तिथे डास अंडी घालतात. ज्या कामाने धूर गेला त्याच कामाने डास आणले तर काय उपयोग? फटीवर बारीक जाळी बांधावी. बाहेर पडणारे पाणी गल्लीत साचू न देता बादलीत घ्यावे. कचऱ्याची बादली झाकलेली आणि चोवीस तासांच्या आत रिकामी, म्हणजे माश्या आणि उंदीर येत नाहीत. काम झाल्यावर साबणाने हात, हे सांगायला नको, पण लहान मुलांना सांगायला हवे.

ते बाहेर पडणारे पाणी, ज्याला स्लरी म्हणतात, चांगले खत आहे. एक भाग स्लरी आणि चार-पाच भाग पाणी करून डब्यातल्या मिरची-वांग्याला, कढीपत्त्याला, विहाराच्या बोधिवृक्षाला घालता येते. कच्ची खायची कोथिंबीर आणि पालेभाजी मात्र वगळा. पाने सोडून मुळाशीच घालावे.

अनुदानाबद्दल थोडे. केंद्राच्या बायोगॅस कार्यक्रमात १ ते २५ घनमीटरच्या संयंत्रांना साहाय्य मिळत आले आहे, पण त्याचा भर शेणाच्या संयंत्रांवर आहे आणि दर बदलत असतात. ग्रामीण भागात पंचायत समितीच्या कृषी विभागात, शहरात प्रभाग कार्यालयाच्या घनकचरा विभागात जाऊन चालू वर्षाचा दर लेखी मागावा. अनुसूचित जातीसाठी वेगळी तरतूद आहे का, तेही विचारावे. पैसे देण्याआधी विक्रेत्याने दोन वर्षांपूर्वी बसवलेली एक टाकी पाहायला जा, त्या घरच्या बाईशी बोला, आणि विक्रेता बाजूला असताना तिला विचारा की शेगडी शेवटची कधी पेटली होती.